त्या संध्याकाळी महिपत स्टँडवर होता

महिपत नागवेकरला आमच्या वाडीत महिपत अशी हाक फक्त त्याचा थोरला भाऊ मारतो. बाकी सगळे सारंग म्हणतात. जहाजावरच्या खलाशांचा जो मुकादम, तो सारंग. या माणसाने मालवाहू जहाजांवर उमर घालवली, पण त्याच्या तोंडून समुद्राची एक गोष्ट काढून दाखवा! "ब्राझील कसा रे?" विचारलं तर म्हणणार, "गरम." "आणि रशिया?" "थंड." संपलं. आमच्याकडे पावस गावच्या बाजारापर्यंत जाऊन आलेला माणूस अर्धा तास बोलतो, आणि हा दुनिया फिरलेला असा मुखदुर्बळ.

माझं रत्नागिरीत कोर्टाच्या फाटकासमोर चहाचं हॉटेल आहे. महिपत आणि मी एका वाडीतले, पावसच्या अलीकडे खाडीकाठची खालची वाडी. मी रोज सकाळच्या एसटीने शहरात येतो आणि दिवसभर तारखेला आलेली माणसं बघतो. तारखेला आलेला माणूस चहा जास्त पितो, बोलतो त्याहून जास्त, आणि ऐकत काहीच नाही. महिपत तेवढा गप्प बसायचा. तो बाकावर आला की मला आधीच कळायचं, आजही पुढची तारीख पडली.

त्याच्यावर खटला कसला होता, ते सांगतो. सांगताना मला राग येईल, पण त्याला इलाज नाही.

आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे पालखी बसायचा चौथरा. सहाणेवरून पालखी पहिली कोणी उचलायची, खालच्या वाडीने की वरच्या वाडीने, यावरून आमच्या आज्यांपासून भांडण आहे. देवाला कोणी उचललं याने काय फरक पडतो ते देवाने अजून सांगितलेलं नाही. पण माणसांना फार पडतो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या शिमग्यात हे भांडण हातघाईवर आलं. लाठ्या चालल्या, वरच्या वाडीतल्या एकाचं डोकं फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आले.

त्या मारामारीत खालच्या वाडीचा पालखीचा पुढचा खांदा ज्याने धरला होता, तो भिकाजी नागवेकर. महिपतचा थोरला भाऊ. पहिली काठी त्याचीच. आमच्या सगळ्या वाडीने बघितलं. वरच्या वाडीने फिर्यादीत लिहून दिलं, "पुढच्या खांद्याचा नागवेकर." काळोख, गुलाल आणि होळीचा धूर, त्यात दोघा भावांतला नेमका कोणता ते त्यांना सांगता आलं नाही.

भिकाजी एसटीत ड्रायव्हर. अटक झाली की निलंबन, ते त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. आता आमच्या गावाची एक जुनी अक्कल आहे. पोलिसांना नावं द्यायची वेळ आली की जे परगावी जाणार असतील त्यांची द्यायची. मुंबईवाल्याला रोज उठून कोण धरायला जाणार? आणि जहाजावरचा असेल तर सोन्याहून पिवळं. गावकरांच्या, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांच्या, अंगणात सगळे जमले तेव्हा गावकर म्हणालेच, "सारंग परवा जहाजावर चाललाय. त्याचा नाव ऱ्हवला तर कोणाचा काय बिघडत नाय. पोलीस काय समुद्रात जाणार हाएत?"

लोक हसले. महिपत भिंतीला टेकून उभा होता. त्याने भावाकडे बघितलं. भिकाजी खाली बघत होता. मग महिपत पोलिसांपुढे गेला आणि म्हणाला, "माजा नाव घाला. पुढचा खांदा माजाच व्हता."

तो त्या संध्याकाळी गावातसुद्धा नव्हता.

त्याची एकुलती एक मुलगी सानिका तेव्हा कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. पालखी देवळातून निघाली तेव्हा महिपत तिला घेऊन रत्नागिरीच्या स्टँडवर उभा होता. कोल्हापूरची गाडी उशिरा लागली. तोवर बापलेकीने भजी खाल्ली, गप्पा मारल्या. महिपत गप्पा मारू शकतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. तिने मला नंतर सांगितलं, "रावजीकाका, बाबांनी मला त्या दिवशी ब्राझीलची पूर्ण गोष्ट सांगितली." गाडी निघाली तेव्हा तो खिडकीबरोबर फाटकापर्यंत चालत गेला होता.

हे त्या मुलीला इतकं लक्षात का राहिलं, तेही सांगायला हवं. तिची आई यमुना लेप्टोच्या तापाने गेली तेव्हा महिपतचं जहाज आफ्रिकेच्या पलीकडे होतं. तो आला तो तेरावं उरकल्यावर. सानिका तेव्हा शाळेत होती. बाप दारात आला तर पोर रडली नाही, भांडली नाही. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "जेवलात?" महिपत ओटीवर बसला. त्याने तिचा हात धरला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाय, यापुढं तुज्या वेळेला मी असेन." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

असो. शिमग्याच्या गुन्ह्यात जामीन पोलीस ठाण्यातच झाला आणि महिपत जहाजावर निघून गेला. पुढे दोन्ही वाड्यांचं मिटलं. आता एक वर्ष ते पालखी उचलतात, एक वर्ष आम्ही. ज्याचं डोकं फुटलं होतं त्याच्या मुलाच्या लग्नात भिकाजी वरातीत नाचला. भांडण गेलं, खटला राहिला. तो सरकारचा. गावाने एकमेकांना मिठ्या मारल्या म्हणून सरकार काही मिठी मारत नाही. वकील हजेरी माफीचे अर्ज देत राहिले, तारखा पडत राहिल्या, कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

महिपत समुद्र सोडून कायमचा घरी आला. आंब्याची थोडी कलमं होती ती बघायचा, लोकांची जाळी विणून द्यायचा. पासपोर्टची मुदत केव्हा संपली ते त्याच्या लक्षातही आलं नाही. सानिका नर्स झाली, लग्न करून मस्कतला गेली. नवरा अजिंक्य तेलाच्या कंपनीत, कामाला लागला की आठवडे न् आठवडे वाळवंटात. आणि मागच्या गणपतीत तिचा फोन आला की दिवस गेलेत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, विमानाने येता येणार नाही. अजिंक्यची आई स्वतःच अंथरुणाला खिळलेली.

"मी येतो," महिपत म्हणाला.

"बाबा, तुम्ही येऊन काय करणार?"

"तुजी आई जे करती ता."

आम्ही हसलो खरे, पण या माणसाने ते मनावर घेतलं. माझी बायको तुळसा वाडीतल्या बाळंतिणींचं सगळं करते. तिच्याकडे तो रोज यायला लागला. शेपा भाजायच्या कशा, अळीव किती भिजवायचे, डिंक तळताना जाळ केवढा. एकदा मी घरी गेलो तर हा धिप्पाड गडी मागच्या पडवीत पाटावर पाय पसरून बसलेला, पायांवर भोपळा, आणि तुळसा त्याला सांगतेय, "मान धरा भावजी, मान! असा धरलात तर पोर पडेल." त्याने भोपळ्याची मान धरली. मी दारातच थांबलो. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

झोळी मात्र त्याला कोणी शिकवावी लागली नाही. जहाजावरच्या गाठी त्याच्या बोटांत होत्या. पांढऱ्या सुती दोरीची अशी झोळी विणलीन की तुळसा म्हणाली, यात मीच झोपते. फोनवर सानिकाला विचारायचा, "तुज्या घरात छताला कडी हाय काय?" ती म्हणायची, "बाबा, इथे फ्लॅटला कडी नसते." तर याने पिशवीत एक लोखंडी कडीही टाकली.

पासपोर्टच्या अर्जात प्रश्न असतो, तुमच्यावर कोर्टात गुन्हा चालू आहे का. महिपतने खरं ते लिहिलं. पोलीस चौकशीतही तेच आलं. मग त्याला कळवण्यात आलं की खटला चालू आहे तोवर पासपोर्ट सरळ मिळणार नाही, ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाची परवानगी आणा. तो माझ्या हॉटेलात आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "रावजी, ह्ये असा असता?" मला तरी कुठे माहीत होतं! गावात कोणालाच माहीत नव्हतं. आमची सगळ्यांची समजूत, की जो दूर जाणार त्याला खटल्याची झळ नाही. खरं तर ती दूर जाणाऱ्यालाच लागते. घरी बसणाऱ्याला पासपोर्ट कशाला हवा?

त्याची वकील वेदिका मॅडम. वयाने लहान, पण आडपडदा न ठेवता बोलणारी. तिने परवानगीचा अर्ज केला. सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं होतं, ते येईना. आलं तेव्हा न्यायाधीश साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांकडे जामिनाची कामं आधी. कोणी अडवत होतं असं नाही. सगळे आपापलं काम करत होते, आणि तिकडे सानिकाचे दिवस भरत होते.

एक दिवस वेदिका मॅडम माझ्याच हॉटेलात त्याच्यासमोर बसली. म्हणाली, "काका, वरच्या वाडीतले लोक माझ्याकडे येऊन गेले. पुढच्या खांद्याला तुम्ही नव्हतात, असं ते कोर्टात सांगायला तयार आहेत. तुम्ही तेव्हा स्टँडवर होतात. तुमची मुलगीच साक्षीदार आहे. आपण तुमचं नाव या खटल्यातून काढून टाकायचा अर्ज करू. सरकारी वकीलही विरोध करणार नाहीत."

"मग इचारतील, दुसरा नागवेकर कोण."

"विचारतील."

"भिकादादाची दोन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची," महिपत म्हणाला आणि त्याने बशीतला चहा संपवला. मॅडमने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अरे मेल्या, तुझी पोर तिकडे एकटी आहे!" तो म्हणाला, "दादान मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलान रे." वडील त्यांचे लहानपणीच खाडीत बुडून गेले होते, भिकाजीनेच घर ओढलं, हे खरं आहे. पण म्हणून काय जन्मभर?

भिकाजी त्याला एकदा बोलला. नाही बोलला असं मी म्हणणार नाही. महिपतच्या दारात आला, चपला पायातच ठेवल्या, आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मी जाऊन सांगू काय रे कोर्टात?" ज्याला सांगायचं असतं तो विचारायला येत नाही, थेट जातो. महिपत म्हणाला, "नको." भिकाजी लगेच वळला. त्याचं ते लगेच वळणं मी माझ्या ओटीवरून बघितलं. मला त्याचा इतका संताप आला की आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या गाडीत बसलो तरी बोललो नाही.

परवानगी आली. पासपोर्टला हरकत नाही, असा हुकूम साहेबांनी दिला. मुदत त्यात काही लिहिली नव्हती, म्हणजे पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळणार होता. महिपतने पुन्हा धावपळ केली. तो कधी नव्हे इतका बोलत होता. तिकीट अजिंक्यने तिकडून बघून ठेवलं होतं. आणि त्यातच एक दिवस दुपारी सानिकाचा निरोप आला. मुलगी झाली, दिवसांच्या आधीच. अजिंक्य पोचू शकला नाही. शेजारची मलबारी बाई दवाखान्यात घेऊन गेली. दोघी सुखरूप.

महिपतने पेढे आणले. माझ्या हॉटेलातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटले, त्यात दोन पोलीस होते, एक बेडीतला आरोपीही होता. चेहरा मात्र पेढे वाटणाऱ्याचा नव्हता.

पासपोर्ट शिमग्याच्या तोंडावर हातात पडला. तो पोस्टातून थेट माझ्याकडे आला. "रावजी, फोन लाव." दोऱ्या ओढून राठ झालेल्या बोटांनी त्याला तो धड लागत नाही. मी लावून बाकावर ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं.

"बाय, आला गो पासपोर्ट! उद्याच तिकीट काढतो."

पलीकडे बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मग सानिका म्हणाली, "बाबा, आता नका येऊ."

"का गो?"

"गरज होती ती वेळ गेली. शेजारच्या चेचीने सगळं केलं. अंघोळ, तेल, शेक, सगळं. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. मला कोणी नसण्याची सवय आहे."

मला उठून जायला हवं होतं, पण मी उठलो नाही.

"मला वेदिका मॅडमनी सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच फार वाईट होतं. "स्टँडवर होतो एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. बाबा, लहानपणापासून माझ्याकडे तुमच्या आठवणी किती? आई गेली तेव्हा तुम्ही नव्हतात. दहावीला नव्हतात. एक ती संध्याकाळ होती. तुम्ही मला भजी दिलीत, ब्राझीलची गोष्ट सांगितलीत, गाडीबरोबर चालत आलात. तेवढी एकच होती, आणि तीसुद्धा तुम्ही काकांना देऊन टाकलीत. कोर्टात विचारलं तर तुम्ही त्या दिवशी माझ्याबरोबर नव्हतातच."

"बाय..."

"बाळ उठलंय. ठेवते हां."

फोन बंद झाल्यावरही महिपत त्याच्याकडे बघत बसला. मी चहा केला. तो त्याने घेतला नाही. जाताना म्हणाला, "कडी नव्हतीच तिच्या घरात. झोळीचा काय झाला असता?" आणि संध्याकाळच्या गाडीने घरी गेला. त्या रडक्या थोबाडाच्या गावावर, त्या पालखीवर, त्या भिकाजीवर आणि या भल्या मूर्खावर, सगळ्यांवर मी त्या दिवशी मनातून थुंकलो.

मग शिमगा आला. पालखी घरोघर निघाली. या वर्षी मान आमचा होता, आणि पुढचा खांदा भिकाजीचा. महिपतच्या अंगणात पालखी आली तेव्हा तुळसाने यमुनाच्या जागी उभं राहून ओटी भरली. सानिका दरवर्षी पालखी फोनवर बघते. रागावली असली तरी पालखी ती चुकवत नाही. तुळसाने व्हिडिओ लावून फोन महिपतच्या हातात दिला. पडद्यावर सानिका, मांडीवर दुपट्यातलं बाळ. महिपतने फोन पालखीसमोर धरला.

आमच्याकडे प्रत्येक घराचं गाऱ्हाणं गावकर देवाला घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणतो. गावकरांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्यो तुजा लेकरू महिपत आज तुज्या पायाशी उभा हाय. त्याच्या घरात नात इली हाय. तिका उदंड आयुष्य दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"कोर्टाचा जा काय झेंगट त्याच्या पाठी लागला हाय, ता दूर कर! त्याची लेकीकडं जायाची वाट मोकळी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"गावकर," महिपत म्हणाला. "वाट नको मागू. येकच सांग देवाला. त्या साली पालखी सहाणेवर इली तवा मी हितं नव्हतो. मी माज्या लेकीबरोबर स्टँडवर व्हतो. येवडा सांग."

ढोल थांबले. गावकरांचे जोडलेले हात तसेच राहिले. देवापुढे ते खोटंही बोलू शकेनात आणि खरंही. त्यांच्याच अंगणात त्यांनीच ते नाव सुचवलं होतं. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "बा देवा महाराजा... त्या दिवशी महिपत त्याच्या लेकीबरोबर व्हता."

कोणी "व्हय महाराजा" म्हणेना. ज्यांनी बघितलं होतं ते सगळे तिथे होते. मी होतो. माझाही आवाज फुटला नाही.

मग पालखीच्या पुढच्या दांड्याखालून कोणीतरी म्हणालं, "व्हय महाराजा." भिकाजी. दांडा खांद्यावर, मान खाली, आणि नाकातून पाणी वाहत होतं. दोन्ही हात दांड्याला गुंतलेले, त्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं.

फोनवर सानिका पुढे वाकली होती. तिचे डोळे भरले होते. तिने विचारलं, "बाबा, कोण बोललं ते?"

महिपतने एकदा भावाकडे बघितलं. अंगणात एवढी माणसं, पण सगळी आता त्याच्या तोंडाकडे बघत होती. एक नाव घेतलं की झालं. लेक बघत होती, देव समोर होता.

"गाव बोलला गो बाय," महिपत म्हणाला. "सगळा गाव बोलला."

सानिकाने एकच आवाज ऐकला होता. तरी तिने मान डोलावली, बाळाचे हात जोडून पालखीला नमस्कार करवला आणि फोन बंद केला. ढोल पुन्हा वाजायला लागले, पालखी पुढच्या घराकडे निघाली. खटल्याची पुढची तारीख आंब्याचा मोसम संपल्यावर आहे.